पडद्याआडचा फासा

वहिनी : …आणि ह्या खेपेला कपाळावर आठ्या घालून बसायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

भाऊजी : कपाळ… माझं.

वहिनी : कपाळ तुमचं, पण बघावं लागतं समोरच्याला. मागच्या रविवारी खेळायला आलेला तो विमेवाला तुमच्यावर नजर ठेवून दारापर्यंत उलटा चालत गेला.

भाऊजी : ओरडत… होता. माझ्या… हे… माझ्या…

वहिनी : …

भाऊजी : कान! कानाला काय… धाड भरलीय?

वहिनी : कानाला काहीच नाही. पण माणूस सावकाश बोलतो म्हटलं की लोकांना वाटतं, त्याला ऐकूही कमी येत असणार. म्हणून तर त्याला नारळ दिला. आणि त्याच्या आधीची ती कॉलेजवाली. गोड होती हो पोरगी, पण तुम्ही ‘त’ म्हणायच्या आत तिचा ताकभात कालवून तयार.

भाऊजी : तंबू.

वहिनी : तुम्ही म्हणत होतात तंबू, ती म्हणाली तलवार. आणि तलवार उपसून तिने निम्मी छावणी कापून काढली. आपल्याच माणसांची.

भाऊजी : स्वयंपाकी… पण.

वहिनी : स्वयंपाक्यालाही सोडलं नाही. म्हणून मी आता चाळणी एकच ठेवलीय. तुमचं वाक्य तुमच्या तोंडातून काढून घेणारं माणूस नको. बाकी काही येत नसलं तरी शिकवता येतं.

भाऊजी : चाळणी… तुझी.

वहिनी : म्हणजे?

भाऊजी : काही नाही. आज… शेवटचा. हा नाही… तर बंद.

वहिनी : हा नाही, ही आहे. बाई आहे. आणि बंदबिंद काही नाही.

भाऊजी : बंद.

वहिनी : भाऊजी, मी स्पष्टच बोलते, मग राग आला तर येऊ दे. झटका येऊन गेल्यापासून घरात तुमचे शब्द कोणते? हो, नको, बघू. जेवलात का? हो. फिरायला जायचं? नको. डॉक्टरकडे? बघू. तुमचे भाऊ म्हणतात, घरात माणूस आहे की दाराची कडी, कळत नाही. आणि तोच माणूस रविवारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ह्या टेबलाशी बसला की राक्षसांना शिव्या घालतो, होडीवाल्याशी घासाघीस करतो. वेळ लागतो, पण बोलतो. हे बंद केलंत तर उरलं काय?

भाऊजी : कंटाळा… आला.

वहिनी : येणारच. चौघांचे दोघं उरलो. एकाची बदली झाली, दुसऱ्याचा धीर सुटला. आता दोघांत कसला खेळ! मी विचारायचं, तुम्ही उत्तर द्यायचं. त्याला खेळ नाही म्हणत, चौकशी म्हणतात. तिसरं माणूस आलं की बघा…

भाऊजी : त्यानं… नाही.

वहिनी : मग कशानं?

भाऊजी : …

वहिनी : सांगा ना. मी थांबते.

भाऊजी : बेल.

वहिनी : काय?

भाऊजी : बेल… वाजली. जा.

उमेदवार : नमस्कार, ताई. दार उघडंच होतं म्हणून मी आत आले. काचेवरची चिठ्ठी वाचून फोन केला होता, तीच मी.

वहिनी : ओळखलं. तुमच्या चष्म्याची दांडी मीच बसवली होती. बसली ना नीट? या, अशा मागच्या खोलीत या. फ्रेमच्या खोक्यांना पाय लागेल, सांभाळून. हे माझे दीर. झटक्यानंतर ह्यांचा शब्द कधीकधी अडतो. विचार नाही अडत.

उमेदवार : आमच्याकडे उलटं असतं. मी हॉटेलात असते, रिसेप्शनवर. तिथे शब्द धो धो येतात, विचार एकाचाही नाही. नमस्कार, काका.

भाऊजी : काका… नको.

वहिनी : ह्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. सगळे मास्तर म्हणायचे. अर्ध्या शहराला ह्यांनी गाडी शिकवलीय.

उमेदवार : म्हणजे चौकात जे चाललेलं असतं त्याला तुम्ही जबाबदार, मास्तर.

भाऊजी : अर्ध्याला.

उमेदवार : बाकीचा अर्धा?

भाऊजी : न शिकता… चालवतो. तो बरा… चालवतो.

वहिनी : बसा ना. खेळ माहीत आहे?

उमेदवार : अजिबात नाही. चिठ्ठीत होतं, ‘गोष्टीत शिरून खेळायचा खेळ. रविवारी दुपारी. अनुभव नको, घाई नको.’ ते ‘घाई नको’ वाचून मी फोन केला. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस बॅग खाली ठेवायच्या आधी घड्याळ बघतो.

वहिनी : बरेच जण नोकरी समजून येतात. एकाने तर पगार विचारला. सांगते खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. मी सूत्रधार. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, ते मी सांगायचं. तुम्ही काय करता, ते तुम्ही सांगायचं. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे हा फासा टाकायचा. वीस बाजूंचा आहे. तुमचा फासा तुम्ही टाकायचा, शत्रूचा मी टाकते, ह्या पडद्याआड.

उमेदवार : हा पडदा? हा तर डोळे तपासायचा तक्ता आहे.

वहिनी : जुना झाला होता. घडी घातली की बरोबर उभा राहतो.

उमेदवार : सगळ्यात खालची ओळ मला इथून वाचता येत नाही.

वहिनी : उद्या दुकान उघडल्यावर या, बघू.

उमेदवार : धंदा कुठे सोडला नाहीत, ताई! पण पडद्याआड कशाला? आपलं आपलं सगळ्यांसमोर टाकावं की.

वहिनी : रीतच आहे तशी. माझ्याकडे पुढचे नकाशे असतात, कोण कुठे लपलंय ते असतं. तुम्हाला दिसलं तर मजा काय राहिली? बरं, गोष्टीत तुम्ही कोण होणार? भाऊजींचा वाटाड्या आहे, फार जुना. डोंगरातल्या सगळ्या वाटा त्याला पाठ. तुम्हाला कुणीही होता येईल. वैद्य, सैनिक, जादूगार…

उमेदवार : चोर.

वहिनी : लगेच?

उमेदवार : आठवडाभर दुसऱ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळते, ताई. हात शिवशिवतात माझे.

भाऊजी : चांगला… चोर?

उमेदवार : शिकाऊ. पकडले गेले तर रडून दाखवणारी.

वहिनी : ठीक. आज नमुन्यापुरता एकच प्रसंग खेळू. खोल दरी आहे. तिच्यावर दोरांचा पूल, तोही जुना, मधल्या फळ्या गेलेल्या. खाली नदी, पण दिसत नाही, नुसती ऐकू येते. तुम्हा दोघांना पलीकडे जायचंय. पलीकडे बुरूज आहे आणि बुरुजावर तिरंदाज. त्याने तुम्हाला पाहिलंय.

उमेदवार : त्याला काही देऊन गप्प करता येईल?

वहिनी : दरीच्या ह्या काठावरून?

उमेदवार : नुसती पिशवी वाजवून दाखवते. आमच्याकडे तेवढ्यावरही काम होतं.

वहिनी : त्याने बाण लावलाय. माझा फासा बारा किंवा वर पडला तर बाण लागला. त्याच्या खाली पडला तर चुकला. पहिला बाण चोरावर… थांबा हं, बघू दे… चौदा. लागला. खांद्यात.

उमेदवार : आई गं! आल्या आल्या? अहो, पाहुणी आहे मी!

भाऊजी : पाहुणी नाही. चोर.

उमेदवार : हे बरं आहे! मास्तर, तुम्ही माझ्या बाजूचे ना?

भाऊजी : अजून… ठरलं नाही.

वहिनी : दुसरा बाण वाटाड्यावर. चुकला. कानाजवळून गेला. काय करता?

भाऊजी : पुढे. पुलावर… पाय ठेवतो. फळी… बघून.

उमेदवार : मी ह्यांच्या मागे. अगदी मागे. म्हणजे बाण आला तर आधी ह्यांना.

भाऊजी : बघ! चोर.

वहिनी : तिरंदाज पुन्हा नेम धरतो. वाटाड्यावर. चुकला. बाण फळीत घुसला. वारा सुटलाय, पूल हेलकावे खायला लागलाय. आता?

भाऊजी : मी… दोर… दोर…

वहिनी : …

भाऊजी : दोर मी…

उमेदवार : कापता?

भाऊजी : कापतो? कापला तर… मरू आपण! दोघं!

उमेदवार : मग गुंडाळता? पेटवता?

भाऊजी : पेटव… काय डोकं आहे का! बांधतो! दोर… बांधतो. कमरेला. माझ्या… आणि ह्या… ह्या बयेच्या!

उमेदवार : माझ्या कमरेला? म्हणजे तुम्ही पडलात की मी पण?

भाऊजी : तू पडलीस… की मी. तू… जास्त पडशील.

वहिनी : चौथा बाण वाटाड्यावर. चुकला. बरं, आपण इथे थांबू या.

उमेदवार : आत्ता कुठे रंगायला लागलं होतं!

वहिनी : नमुन्यापुरतं एवढंच असतं. छान खेळलात तुम्ही, खरंच. आणखीही एकदोघांचे फोन आलेत. ठरलं की कळवते.

उमेदवार : म्हणजे नाही.

वहिनी : तसं नाही…

उमेदवार : ताई, हे वाक्य माझं आहे. ‘खोली रिकामी झाली की कळवतो.’ रोज म्हणते. आजपर्यंत एकालाही कळवलेलं नाही. मान पण अशीच जराशी तिरकी करते. राग नाही हं माझा. येते मी. मास्तर, मजा आली. दोर सोडवून घ्या कमरेचा.

भाऊजी : थांब… ना.

उमेदवार : नको, ताईंनी सांगितलं ना. फक्त जाता जाता एक विचारू? खेळ मला माहीत नाही, म्हणून विचारते, खोड काढत नाही. चौथ्या बाणाचा फासा अजून गडगडत होता. पडद्याआडून आवाज येत होता. आणि तुम्ही म्हणालात, चुकला. मग तो पडायच्या आधीच कसं कळलं?

वहिनी : टेबल खडबडीत आहे. आवाज राहतो जरा.

उमेदवार : असेल. माझ्या वेळी मात्र तुम्ही वाकून बघितलंत. चष्मा वर करून.

वहिनी : अहो, सूत्रधाराला अंदाज असतो…

भाऊजी : फिरत होता.

वहिनी : भाऊजी, तुम्ही तरी…

भाऊजी : फिरत होता. नेहमी… फिरत असतो. मला… माहीत आहे.

वहिनी : काय माहीत आहे?

भाऊजी : राक्षस… चुकतो. विष… जुनं निघतं. दरड… बाजूला पडते.

वहिनी : नशीब असतं एकेकाचं.

भाऊजी : नशीब? माझं? बघ… माझ्याकडे. बघून बोल.

उमेदवार : मी बाहेरच्या खोलीत थांबते.

भाऊजी : बस खाली.

उमेदवार : बसले.

वहिनी : केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?

भाऊजी : पहिल्या… पासून.

वहिनी : मग बोलला का नाहीत? बरं, ते राहू दे. पण मला सांगा, मी काय करायला हवं होतं? दवाखान्यातून घरी आल्यावरचा तुमचा पहिला रविवार. जेमतेम बसत होतात खुर्चीत. वाटाड्यावर अस्वल धावून आलं आणि मी फासा टाकला. वीस पडला. वीस म्हणजे जागच्या जागी खलास. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी म्हटलं, तीन. चुकलं अस्वल.

भाऊजी : अस्वल… चुकत नाही.

वहिनी : त्या दिवशी चुकलं! वाटाड्या तुमचा आजारपणाच्या आधीचा. तो गेला असता तर नवा माणूस उभा करावा लागला असता. नाव, गाव, हत्यार, घरी कोण, कशाला भितो. एवढं सगळं बोलायचं म्हणजे… मला वाटलं, त्यातलं निम्मंही तुमच्या तोंडून निघालं नाही, तर तुम्ही पुन्हा येणारच नाही इथे. एकदा तीन म्हटलं ते म्हटलं. पुढच्या खेपेला पाच म्हटलं. मग पडायची वाट बघणंही सुटलं.

भाऊजी : विचारलंस?

वहिनी : हे का विचारायचं असतं? ‘भाऊजी, तुम्हाला मारू का नको’?

भाऊजी : हो. तेच. विचारायचं. माझी गाडी… शाळेची. ब्रेक… दोन.

उमेदवार : दोन गाड्या होत्या?

भाऊजी : गाडी एक! ब्रेक दोन! ऐकत जा!

वहिनी : शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला तर ह्याने दाबायचा.

भाऊजी : नवीन मास्तर… भितो. पाय… ठेवून बसतो. कायम. पोरगा म्हणतो… मी चालवतो. कुठला चालवतो? मग परीक्षेला… एकटा… भिंतीत.

उमेदवार : बापरे.

भाऊजी : वहिनी.

वहिनी : हं.

भाऊजी : पाय… काढ. काढ गं.

वहिनी : म्हणून कंटाळा आला होता? लोक सोडून गेले म्हणून नाही?

भाऊजी : लोक… गेले ते बरं. बोअर होते. मी मरत… नाही. मग… जगलो तरी… काय मोठं?

वहिनी : देवा! आणि मी इकडे दर आठवड्याला चिठ्ठी नवी करून काचेवर लावतेय.

उमेदवार : चिठ्ठीचं अक्षर छान आहे पण.

वहिनी : तुम्ही हसू नका. तुमच्यावर माझा राग आहे अजून. तीनदा तुम्ही ह्यांचं वाक्य ओढून घेतलंत. कापता, गुंडाळता, पेटवता. माझी चाळणी तेवढी एकच होती, आणि तुम्ही तिला भोक पाडलंत.

उमेदवार : म्हणून ‘कळवते’ होय! अहो, मग आधी सांगायचं. मला खरंच कळेना काय करावं. गप्प बसले तर वाटे, मी मेल्यासारखी काय बघत बसलेय. बोलले तर वाटे, आगाऊपणा होतोय. मास्तर, तुम्हीच सांगा. शब्द अडला की मी थांबू, का सांगू?

वहिनी : ते डॉक्टरांनी सांगितलंय, थांबायचं.

उमेदवार : डॉक्टर खेळणार आहेत का आपल्याबरोबर? मास्तर?

भाऊजी : सांग.

वहिनी : सांग? ती कॉलेजवाली सांगत होती तर तुम्ही आठवडाभर धुसफुसत होतात!

भाऊजी : ती… थांबली नाही. तलवार म्हणाली… निघाली. ही… बघते. माझ्याकडे. मग… थांबते.

उमेदवार : बरं, मग बरोबर शब्द सुचला की सांगत जाईन.

भाऊजी : नाही. चुकीचा.

उमेदवार : चुकीचा सांगू?

भाऊजी : बरोबर सांगितलास… तर तो तुझा. चुकीचा… की राग येतो. रागात… माझा… येतो.

वहिनी : अगंबाई. ‘पेटवता’ म्हणाली आणि तुम्ही एका दमात ‘काय डोकं आहे का’ म्हणालात. मला तेव्हा ऐकूच आलं नाही. मी आपली चाळणी घेऊन बसलेली.

उमेदवार : चुकीचं बोलायला मी केव्हाही तयार आहे. सोमवार ते शनिवार बरोबर बोलून जबडा दुखतो माझा. ‘आपली गैरसोय झाली, क्षमस्व.’ गैरसोय त्याने स्वतः केलेली असते, नळ उघडा ठेवून.

वहिनी : आणि मी? मी तर इतके दिवस तोंड शिवून बसत होते, तुम्हाला वेळ मिळावा म्हणून.

भाऊजी : तू… दवाखान्यात. भेटायला… आल्यासारखी. सफरचंद… घेऊन.

वहिनी : चांगलं आहे! सफरचंद घेऊन!

भाऊजी : हात… जोडून.

वहिनी : पुरे, पुरे, कळलं. मी निवडणार नाही आता. तुमचा खेळ, तुमची चाळणी. विचारा हिला काय विचारायचं ते.

भाऊजी : मी?

वहिनी : तुम्ही. एवढ्या लोकांना लायसन्सच्या परीक्षेला बसवलंत, एक चोर तपासता येत नाही?

भाऊजी : … बरं. एकच. मी मेलो… म्हणजे… तिथे. पुलावर. मेलो तर… तू काय करशील?

उमेदवार : खरं सांगू?

भाऊजी : खरं.

उमेदवार : आधी दोर सोडीन, मी पण खाली जायला नको म्हणून. मग तुमचे खिसे तपासेन.

वहिनी : अहो!

उमेदवार : चोर आहे मी, ताई. रडेन नंतर. पलीकडे पोचल्यावर.

भाऊजी : खिशात… काही नाही.

उमेदवार : मग बूट घेईन.

भाऊजी : बूट! वहिनी… बूट म्हणते!

वहिनी : ऐकलं मी. केवढ्याने हसताय, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल.

भाऊजी : ही घे.

वहिनी : घे म्हणजे? रविवारसाठी? आणि बंदचं काय झालं?

भाऊजी : ही घे. आणि… तो तक्ता… खाली.

वहिनी : तक्ता तरी असू दे. नकाशे दिसतील तुम्हाला.

भाऊजी : नकाशे… मांडीवर. तक्ता… खाली.

(तक्त्याची घडी मिटून जमिनीवर पडल्याचा आवाज.)

उमेदवार : अरे, ताई, तुम्ही दिसायला लागलात.

वहिनी : उघडं पडल्यासारखं वाटतंय. बरं, कुठून सुरुवात?

भाऊजी : चौथा… बाण. परत. खरा.

वहिनी : परत नको हो. झालेला बाण झाला. पुढचा टाकते.

भाऊजी : परत.

वहिनी : टाकते. भाऊजी, लागला तर मी काहीही करू शकणार नाही हं. आत्ताच सांगते.

भाऊजी : तेच… पाहिजे.

वहिनी : फासा सुटत नाहीये हातातून. ह्याच हाताने काचा कापते मी दिवसभर.

उमेदवार : टाका, ताई. नाहीतर तिरंदाज घरी जाईल.

वहिनी : टाकला.

उमेदवार : फिरतोय अजून. कडेला गेला… कडेला गेला… थांबला.

वहिनी : सतरा.

उमेदवार : म्हणजे बाराच्या वर. म्हणजे…

भाऊजी : लागला!

वहिनी : लागला. मांडीत. आरपार.

भाऊजी : आईशप्पथ! लागला! बघितलंस? सतरा!

उमेदवार : अभिनंदन, मास्तर. आजवर बाण लागल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

भाऊजी : दुखतंय… पण.

उमेदवार : दुखणारच. मला खांद्यात लागला तेव्हा तुम्ही कसे म्हणालात, ‘चोर’!

वहिनी : मला जरा पाणी द्या कुणीतरी.

उमेदवार : रडताय की काय, ताई?

वहिनी : नाही गं. हुश्श झालं. तुला काय सांगू, शनिवारपासून डोक्यात तेच चालू व्हायचं. उद्या अस्वल आणलं तर ते कसं पळवू, दरोडेखोर आणले तर त्यांना आंधळं करू का लंगडं. गोष्ट रचायची सोडून मी ह्यांना वाचवायच्या युक्त्या रचत होते. आज पहिल्यांदा नुसता फासा बघितला. सतरा पडला, तर सतरा म्हटलं. एवढं सोपं होतं हे.

भाऊजी : तू पण… कंटाळलीस.

वहिनी : कंटाळले होते. तुमची शपथ, कंटाळले होते.

भाऊजी : मग… सांगायचं.

वहिनी : तुम्ही तरी कुठे सांगितलंत? एका घरात राहून दोघं एकमेकांना सांभाळत बसलो, आणि शेवटी सांगितलं कोणी, तर दांडी मोडून आलेल्या गिऱ्हाइकाने.

उमेदवार : दांडी परत मोडलीय खरं तर. सांगायचं राहिलं.

वहिनी : कधी?

उमेदवार : आत्ता, मास्तर ओरडले तेव्हा. दचकले आणि हात लागला.

वहिनी : काढून ठेव इथे, जाताना बसवून देते. चला. वाटाड्या पुलाच्या मध्यावर आहे. मांडीत बाण. फळी निसटली, एका हाताने दोराला लटकलाय. कमरेला दोर, दोराच्या टोकाला चोर.

उमेदवार : चोर सुरी काढतो.

भाऊजी : काढ. बघतो… तुला.

वहिनी : तिरंदाज पाचवा बाण लावतोय. आणि ह्या वेळी मी काही सांगणार नाही, फासाच सांगेल. भाऊजी, वाटाड्या काय करतो?

भाऊजी : …

उमेदवार : उडी मारतो? माफी मागतो? गाणं म्हणतो?

भाऊजी : …

उमेदवार : चोराला बूट देऊन टाकतो?

भाऊजी : गप गं. शब्द आहेत. विचार करतोय.